हिरड्यांचे विकार आणि वनस्पतीजन्य गुणद्रव्ये : संशोधन काय सांगते?

आपल्या रुग्णालयाचे एक जुने हितचिंतक देणगीदार गेल्या वर्षी दंतविभाग पाहावयास आले होते. मशेरीने काळवंडलेले दात आणि सैल झालेल्या हिरड्या घेऊन बसलेल्या आयाबहिणींची रांग पाहून ते अस्वस्थ झाले. निघताना त्यांनी एक प्रस्ताव मांडला. फळे व वनौषधींपासून बनविलेल्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या आरोग्य शिबिरांतून वाटल्या, तर हिरड्यांचा आजार आटोक्यात येईल, असे त्यांच्या वाचनात आले होते आणि त्याचा खर्च उचलण्याची त्यांची तयारी होती. विश्वस्त मंडळाने या विषयावर विभागाचे मत मागविले. त्या निमित्ताने केलेल्या अभ्यासाचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आजाराविषयी. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी माणसात तिची खोली साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. दातांवर रोज जमणारा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. डेन्मार्कमधील आर्हूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग दंतवैद्यकात सर्वश्रुत आहे. १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे बंद केले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्यांना सूज आली आणि दात पुन्हा घासू लागताच ती ओसरली. म्हणजे या टप्प्यावर आजार पूर्णपणे परतवता येतो. पुढे मात्र सूज खोल उतरते, खाचेचा कप्पा होतो, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. गेलेले हाड सहसा परत येत नाही.

याच लो यांनी १९७० साली श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांची पाहणी सुरू केली. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्याची सोयही नव्हती. सर्वांच्या दातांवर भरपूर थर आणि टणक कीटण होते. पंधरा वर्षे पाठपुरावा करून १९८६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते विचार करायला लावणारे आहेत. सुमारे ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सर्व दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ११ टक्क्यांत मात्र तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. अस्वच्छता सारखीच, परिणाम इतका निराळा. तेव्हा जंतूंखेरीज आणखी काही कारण असले पाहिजे.

ते कारण बऱ्याच अंशी आपल्याच शरीराच्या प्रतिकारात दडलेले आहे. जंतू दिसताच रक्तातील श्वेतपेशी हिरडीत धाव घेतात आणि ऑक्सिजनपासून बनलेली अत्यंत जहाल रसायने जंतूंवर सोडतात. ती जंतूंना मारतात, पण शेजारच्या तंतूंनाही इजा करतात. कुंपणावरचे गवत जाळायला लावलेली आग बागेत शिरावी, तसा हा प्रकार. ही आग आवरणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. काही शरीर स्वतः तयार करते (लाळेतील यूरिक आम्ल हे त्यातले प्रमुख, सांधेदुखीसाठी बदनाम झालेले हे द्रव्य तोंडात मात्र राखणदाराचे काम करते). काही आहारातून मिळतात : क जीवनसत्त्व, फळांचे रंग, चहातील व हळदीतील घटक.

हिरडी आणि फळे यांचे नाते नवे नाही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या शल्यवैद्याने ‘सॅलिसबरी’ जहाजावरील स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेले दोघे काही दिवसांतच सावरले. स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त वाहते, कारण क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला बळकट तंतू विणता येत नाहीत. अलीकडच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील १२ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या असता, ज्यांच्या आहारात क जीवनसत्त्व कमी त्यांना हिरड्यांचा आजार काहीसा अधिक, असे २००० साली दिसून आले. बर्मिंगहॅमचे इयान चॅपल व सहकारी यांनी २००७ मध्ये त्याच पाहणीतील ११ हजारांवर लोकांच्या रक्ताचे अहवाल अभ्यासले. तेथेही रक्तातील ही द्रव्ये जितकी जास्त, तितका आजार कमी आढळला.

येथे सावध राहिले पाहिजे. फळे खाणारा माणूस बहुधा दातही नीट घासतो आणि तंबाखूपासूनही दूर असतो. त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यायचे, हे अशा पाहणीतून ठरत नाही. ते ठरते रुग्णांचे दोन गट करून केलेल्या चाचणीतून. चॅपल यांच्याच गटाने अशी चाचणी करून २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. सर्व रुग्णांचे दात मुळापर्यंत साफ करून काहींना फळे-भाज्यांच्या सत्त्वाच्या कॅप्सूल आणि काहींना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल दिल्या. दोन महिन्यांनी सत्त्व घेणाऱ्यांच्या कप्प्यांची खोली थोडी अधिक कमी झालेली होती, मात्र पुढील महिन्यांत हा फरक टिकला नाही. मोठी सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि ती झाली दात साफ केल्याने.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचे द्रव्य असते. जपानी संशोधकांनी २००० साली प्रयोगशाळेत त्याचे अँटिऑक्सिडंट गुण दाखवून दिले. कोकमाचा गडद लाल रंगही अशाच गुणाच्या अँथोसायनिन द्रव्यांचा असतो. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब आहे. परंतु परीक्षानळीत दिसलेला गुण हिरडीच्या खोल कप्प्यात उतरतोच असे नाही, आणि मोठ्या चाचण्यांच्या आधाराने कोकम हे पायोरियाचे औषध ठरलेले नाही. हळदीचेही तेच. जखमेवर हळद लावण्याच्या ज्ञानावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतले, तेव्हा प्रत्येक मराठी घराला आनंद झाला. पण हळदीतील कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. हिरडीवर लावण्याच्या हळदीच्या लेपाचे प्रयोग झाले आहेत व काही उत्साहवर्धक आहेत, तथापि त्यातील बहुतेक थोड्या रुग्णांवर आणि थोड्याच काळासाठी झालेले आहेत.

क जीवनसत्त्वासाठी कोकमापेक्षा आवळा, पेरू आणि काजूचे बोंडू कितीतरी सरस. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेले बोंडू आपल्याकडे बी काढून झाडाखाली कुजत पडते, याचे वाईट वाटते. कोकम सरबत मात्र आंबट आणि गोड दोन्ही असते. ते प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेले दातांचे कवच घासले जाते. मधुमेह्यांनी साखरेचा पाक टाळून मीठ-जिऱ्याचे आगळ किंवा सोलकढी घ्यावी. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात.

गोळ्यांविषयी एक गंभीर इशारा देणे कर्तव्य आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली जाहीर झाले. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. तपकीर-मशेरी आणि विडी-सिगारेट यांत फरक आहे, हे खरे. तरीही तंबाखूच्या व्यसनात असलेल्या समाजाला सरसकट अशा गोळ्या वाटणे आम्हास उचित वाटत नाही.

आणि आमच्या रांगेतील खरी अडचण मशेरीचीच आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबईत सुमारे एक लाख प्रौढांची पाहणी झाली, तीत ५७ टक्क्यांहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. अनेकींनी ती दाढ दुखते म्हणून सुरू केलेली असते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूने क्षणभर बधिरता येते, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसते आणि ‘मशेरीने हिरड्या घट्ट होतात’ हा समज पक्का होतो. आतमध्ये हाड झिजतच असते. दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात, हा दुसरा गैरसमज. कीटणाने आधार दिलेला दात कीटण निघाल्यावर हलतो, इतकेच. सैल तो आधीच झालेला असतो.

म्हणून विभागाने विश्वस्त मंडळास असे कळविले आहे की, देणगीदार महोदयांची रक्कम गोळ्यांऐवजी दात साफ करण्याची उपकरणे, ती निर्जंतुक करण्याची सोय आणि रुग्णांचा परतीचा बसखर्च यांसाठी वापरावी. परतीचा खर्च हा शब्द काहींना खटकेल. पण पहिल्या सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी कप्प्यांची खोली पुन्हा मोजावी लागते, त्याशिवाय उपचार लागू पडला की नाही हे कळतच नाही. आणि दूरच्या वाडीवरची बाई रक्त थांबले की पुन्हा येत नाही, कारण तिची एक दिवसाची मजुरी बुडते. महोदयांनी ही सूचना मान्य केली आहे. शिबिरात आवळा आणि बोंडवाचा रस ठेवावा, एवढा त्यांचा आग्रह आहे, आणि त्याला आमची काहीच हरकत नाही.