वस्तऱ्याचा पट्टा कोणत्या चामड्याचा घ्यावा?

प्रश्न : आजोबांचा अखंड पात्याचा वस्तरा धार लावून आणला आहे. तो परजायला चामड्याचा पट्टा हवा. चामडं कोणतं घ्यावं? रुंदी किती असावी? कमरेचा जुना पट्टा चालेल का?
— एक वाचक, मढ (ता. जुन्नर)

उत्तर : आधी पट्ट्याचं काम लक्षात घ्या, म्हणजे निवड सोपी होईल. दाढी करताना पात्याची कड किंचित इकडेतिकडे वळते. ती पुन्हा सरळ करायची आणि घोटून गुळगुळीत करायची, एवढंच पट्ट्याचं काम. बोथट झालेल्या पात्याला नवी धार दगडावरच येते. त्यामुळे पट्टा निवडताना नावापेक्षा सपाटपणा आणि ताठपणा पाहावा.

हे दोन्ही गुण झाडांच्या साली-फळांत कमावलेल्या कातड्यात चांगले मिळतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. तुमच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर गोळा होतो, तोच हा हिरडा. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं कातडं मऊ आणि ताणलं जाणारं असतं. पट्ट्याला झोळ पडला की पात्याची कड गोल होते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर कापलेली कड पाहा. झाडसालीच्या कातड्याचा गाभा तपकिरी असतो, क्रोमच्या कातड्याचा पुष्कळदा निळसर-करडा दिसतो.

म्हशीचं जाड, एकसंध कातडं उत्तम. जाडी साधारण 3 मिलिमीटर, लांबी निदान 45 सेंटिमीटर आणि रुंदी 3 इंच असावी. वस्तऱ्याचं पातं जवळपास तेवढंच लांब असल्यामुळे ते एका ओढीत पूर्ण टेकतं. पट्टा अडीच इंची असेल तर पातं तिरकं सरकवावं लागतं. केसांकडची गुळगुळीत बाजू वर हवी. तिच्यावरून तळहात फिरवा. खाच, सुरकुती किंवा उंचवटा लागला तर तो तुकडा घेऊ नका.

कमरेचा पट्टा वापरू नका. तो अरुंद असतो, कडेनं शिवण असते, आत बहुतेकदा भरण असतं आणि वर रंगाचा थर. रेक्झिन तर नकोच.

परजताना पट्टा ताणून धरा. पात्याची पाठ पुढे, धार मागे आणि दोन्ही चामड्याला टेकलेल्या असू द्या. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटवा. धारेवर उलटवलंत तर पट्टा चिरतो. जोर लावू नका, पात्याचं वजन पुरतं. दाढीआधी अशा पन्नासेक ओढी पुरेत. हात बसेपर्यंत पट्ट्यावर एखाददुसरा काप जाणारच, म्हणून पहिला पट्टा चर्मकाराकडून साधा कापून घ्या.

माळशेजच्या घाटमाथ्यावरचा पावसाळा चामड्याला आणि पोलादाला सारखाच वैरी. पट्टा पेटीत किंवा प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, वारा लागेल असा टांगा. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्यानं पुसा; पण उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. तेलही फार पाजू नका, अधूनमधून तळहातानं चोळणं पुरे. वस्तरा मात्र दाढीनंतर नीट कोरडा करून तेलाचं बोट फिरवून ठेवा.

नीट परजूनही वस्तरा केस ओढू लागला, तर ओढी वाढवत बसू नका. पात्याला पुन्हा दगड दाखवायची वेळ आली आहे, असं समजा.