वावडे आणि आहार : एका जुन्या पत्रकाची दुरुस्ती

अहवालाच्या या पानांवर दरवर्षी एखादा आरोग्यविषयक लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्हांस एका आजीबाईंनी दिला. अकरा महिन्यांच्या नातवास घेऊन त्या बालरुग्ण विभागात आल्या होत्या. बाळाच्या गालांवर व कोपरांच्या खोबणीत इसब होते. शेंगदाणा व अंडे बाळाच्या तोंडी लागू दिलेले नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक पत्रक डॉक्टरांपुढे धरले. ते आपल्याच रुग्णालयाचे होते, २००४ साली छापलेले. ‘अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी अंडे दोन वर्षांपर्यंत व शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नये,’ असे त्यात ठळक अक्षरांत होते.

तो सल्ला त्या काळी कोणी मनाने रचलेला नव्हता. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली, ज्यांच्या घराण्यात अ‍ॅलर्जी आहे अशा बालकांसाठी, तसेच सांगितले होते. २००८ साली तिने तो सल्ला मागे घेतला. आमची पत्रके मात्र त्यानंतरही काही वर्षे वाटली जात राहिली. पत्रकाचा खर्च ज्या देणगीदारांनी उचलला त्यांचा यात तिळमात्र दोष नाही. दोष व्यवस्थापनाचा, म्हणजे आमचा. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. खतावणीत चुकीची नोंद झाली तर ती खोडून भागत नाही, दुरुस्तीची नोंद उघडपणे करावी लागते, एवढे आम्हांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेख ही तशीच नोंद असून त्यातील मजकूर आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

आता मूळ विषय. वावडे म्हणजे निरुपद्रवी अन्नास शरीराने शत्रू समजणे. दूध न पचणे, पोटात वायू धरणे, या तक्रारी बहुधा निराळ्या असतात. पूर्वीचा तर्क असा की, अन्न उशिरा दिले म्हणजे वावडे टळेल. त्यास २००८ साली धक्का बसला. ब्रिटनमधील व इस्रायलमधील ज्यू मुलांची तुलना केली असता शेंगदाण्याचे वावडे ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्रायलमध्ये अवघे ०.१७ टक्के आढळले. इस्रायलमधील बाळे पहिल्याच वर्षी ‘बाम्बा’ नावाचा दाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळू लागतात. ब्रिटनमधील घरांत दाणा टाळला जात असे.

त्यानंतर लंडनमधील डॉ. गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना वर्ज्य केले. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. आरंभीच्या त्वचा-चाचणीत दाण्याची प्रतिक्रिया न दिसलेल्या बाळांपैकी, पाचव्या वर्षी, न खाणाऱ्या गटात १३.७ टक्क्यांना वावडे जडले होते; खाणाऱ्या गटात १.९ टक्क्यांना. हीच मुले किशोरवयात आल्यावर पुन्हा तपासली गेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातही हा लाभ टिकून असल्याचे दिसले.

याची कारणमीमांसा अशी केली जाते की, अन्न पोटातून आले तर शरीर त्यास ओळखीचे मानते; तेच इसबाने फुटलेल्या कातडीतून शिरले तर शत्रू मानते. म्हणूनच बाळास इसब असेल तर त्यावर उपचार करावेत आणि त्या कातडीवर दाण्याचे तेल चोळू नये.

घरी काय करावे? सहा महिने केवळ आईचे दूध, ही शिफारस कायम आहे. आईने गरोदरपणी वा बाळंतपणात ‘बाळास वावडे होईल’ या धास्तीने दाणे, दूध, अंडी सोडण्याचे कारण नाही. तसे सोडल्याने बाळाचे वावडे टळते, असे आढळलेले नाही. उष्टावणानंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू झाली की भाजलेल्या दाण्यांचा वस्त्रगाळ कूट पेजेत कालवून द्यावा. प्रथम चमच्याच्या टोकावर, घरात मोठे माणूस जागे असताना, दिवसा. बाळास मानवला तर हळूहळू दोन लहान चमचे, आठवड्यातून तीनदा, आणि पुढे खंड न पाडता. पूर्ण उकडलेले अंडे ज्या घरी चालते त्यांनी तेही थोडे थोडे द्यावे. अख्खा दाणा लहान मुलास कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. ज्या बाळास तीव्र इसब आहे, किंवा अंड्याने त्रास झाला आहे, त्यास दाणा देण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे. आजीबाईंच्या नातवाची तशी चाचणी झाली आणि पहिला चमचा बालरुग्ण विभागातच, परिचारिकेच्या देखरेखीखाली दिला गेला. त्याने तोंड वाकडे केले, इतकेच.

एकदा जडलेले वावडे घरगुती पदार्थाने बरे होत नाही. हळदीचे दूध, आवळा, मध यांनी अ‍ॅलर्जी जाते, यास भक्कम पुरावा नाही. मध तर वर्षाच्या आतील बाळास देऊच नये. अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी चोळण्यास आमची हरकत नाही, परंतु ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलट्या होऊन मूल मलूल झाले, तर आमसूल शोधीत बसू नये. अशा वेळी मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय असून त्यात मिनिटे मोलाची असतात.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. काही पालक बाहेरून हजारो रुपयांची रक्ततपासणी करून चाळीस-पन्नास पदार्थांची यादी आणतात आणि त्यातील निम्मे पदार्थ मुलाच्या ताटातून काढतात. खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होत नसेल तर केवळ अहवालावरून वावडे ठरत नाही. मुलाचे वजन मात्र घटू शकते. अशी यादी हाती असल्यास ती घेऊन आधी बालरुग्ण विभागात यावे.

सुधारित पत्रक केसपेपरच्या खिडकीवर विनामूल्य मिळेल. २००४ चे पत्रक ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते कृपया फाडून टाकावे, आणि शेजारीपाजारी दिले असल्यास तेथेही कळवावे.