रस्त्यावरचा मनोरुग्ण: पवनारहून रुग्णालयापर्यंत

पवनार नागपूर–वर्धा रस्त्यावर आहे. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम परिसरातून जातात. त्यामुळे पवनारला धाम नदीच्या काठी दिसणारी बेघर, भरकटलेली व्यक्ती तेलुगू किंवा बंगालीही बोलणारी असू शकते. तिला उपचारांपर्यंत नेताना आपण पुढील क्रम पाळावा.

१. आधी शरीर पाहावे. असंबद्ध बोलण्यामागे दर वेळी मानसिक आजार नसतो. जोराचा ताप, डोक्याला मार, रक्तातील साखर उतरणे किंवा दारू एकाएकी सुटणे यांमुळेही भ्रम होतो. जखम, झटके किंवा ग्लानी दिसल्यास लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. एकाच माणसाने समोरून, शांतपणे जाऊन पाणी द्यावे. बाकीच्यांना दूर ठेवावे. हातपाय बांधू नयेत, मोबाइलवर चित्रीकरणही करू नये.

२. नंतर ११२ वर पोलिसांना कळवावे. स्त्री असल्यास महिला पोलीस मागावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १०० आपल्याला माहीत असलेले बरे. ठाण्यात ते सांगावे लागते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर व्यक्तीबाबत हरवल्याचा एफआयआर नोंदवून कुटुंबाचा शोध घेणेही पोलिसांकडेच आहे. त्या नोंदीचा क्रमांक आपण लिहून घ्यावा.

३. वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात तपासणी होते. सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही मनोविकार विभाग आहेत. जिवाला धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ नुसार ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पुढे गरज पडल्यास नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवतात. शासकीय किंवा शासन-अनुदानित संस्थेत बेघरांवरील उपचार मोफत आहेत. त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही.

४. ‘सही कोण करणार?’ या प्रश्नावर अनेक प्रकरणे अडतात. रुग्णाच्या वतीने निर्णयात साहाय्य करणाऱ्याला कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणतो. नातेवाईक नसल्यास समाजकल्याण विभागाचा प्रतिनिधी ही जबाबदारी घेऊ शकतो. अडचण आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

५. घराचा शोध उपचार सुरू झाल्यावर घ्यावा. औषधे लागू पडली की गावाचे नाव, शाळा, जवळचे रेल्वे स्थानक हळूहळू आठवू लागते. रुग्णाची भाषा जाणणारा माणूस तेव्हा गाठून द्यावा. डॉ. भरत वाटवानी यांची कर्जतची ‘श्रद्धा’ संस्था हेच काम करते: उपचार, मग कुटुंबाकडे पोहोचवणे. या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

६. घरी पोहोचल्यावर गोळ्या थांबल्या तर आजार पुन्हा उलटू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर रुग्णाच्या स्वतःच्या जिल्ह्यातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागाचे नाव आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपण आग्रहाने लिहून घ्यावा.