क्रँकशाफ्ट अडतो तेव्हा : इंजिन जुळणीतील एक पाठ

पुणे शहराची ओळख विद्येचे माहेरघर म्हणून सांगितली जाते. परंतु ते इंजिनांचेही गाव आहे. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना येथे झाली आणि खडकीच्या कारखान्यातील डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर पोहोचली. 1961 साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने मुंढव्यात घडविलेले क्रँकशाफ्ट आज देशोदेशींच्या वाहनांत फिरत आहेत. शाळेनंतर आयटीआयचा किंवा गॅरेजचा मार्ग धरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या कामाचे मोल जाणू इच्छिणाऱ्या पालकांसाठी, या क्षेत्रातील एका नेहमीच्या अडचणीचा विचार येथे केला आहे.

इंजिन उघडले, क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करून आणला, नवे बेअरिंग बसविले, मेन कॅप आवळल्या. आणि हाताने सहज फिरायला हवा तो क्रँकशाफ्ट जागीच अडला. अशा वेळी लांब पाइप लावून तो जोराने फिरविण्याचा किंवा ‘इंजिन चालू झाले की आपोआप मोकळा होईल’ असे मानण्याचा मोह होतो. हा मोह महागात पडतो. जर्नल आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहावा लागतो. त्याला जागाच नसेल तर धातूवर धातू घासतो, बेअरिंगचा मऊ थर वितळतो आणि काही मिनिटांत नवा खर्च मातीमोल होतो. ऐन रब्बीत पंपाचे इंजिन असे जाम झाले, तर त्याची किंमत उभ्या पिकाला मोजावी लागते.

ही फट किती असावी? जर्नलच्या व्यासाचा सुमारे हजारावा भाग, हा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे 60 मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला सुमारे 0.06 मिलिमीटर. अंतिम आकडा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतीलच मानावा. एवढ्याशा जागेत धुळीचा एक कण किंवा जुन्या गॅस्केटचा तुकडाही अडथळा ठरतो.

दोष शोधण्याचा क्रम असा ठेवावा. पिस्टन बसविल्यावर अडचण आली असेल, तर प्रथम कनेक्टिंग रॉड सोडवून क्रँकशाफ्ट एकटा फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला तर दोष रॉडच्या कॅपमध्ये, रॉडच्या वाकात किंवा पिस्टन-रिंगमध्ये शोधावा. एकटाही अडत असेल, तर सर्व मेन कॅप सैल कराव्यात. मग मधल्या कॅपपासून सुरुवात करून एकेक कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळावी आणि प्रत्येक वेळी क्रँकशाफ्ट हाताने फिरवावा. ज्या कॅपनंतर तो अडेल, तेथे शोध घ्यावा.

त्या जागी पुढील गोष्टी तपासाव्यात. मेन कॅप ब्लॉकला लावूनच त्यांचे भोक कारखान्यात एकत्र कोरलेले असते. म्हणून कॅपची अदलाबदल चालत नाही आणि ती उलटीही बसवू नये. क्रमांक व बाणाची खूण पाहावी. खुणा नसतील तर उघडतानाच पंचाने ठिपके मारून ठेवावेत. बेअरिंगच्या पाठीमागे कचरा किंवा तेल राहिले आहे काय, त्याची जीभ खाचेत नीट बसली आहे काय, तेलाचे छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर आहे काय, हे पाहावे. बेअरिंगच्या पाठीवरील आकडा वाचावा : जर्नल 0.25 मिलिमीटर ग्राइंड केलेला असताना 0.50 चे बेअरिंग आले, तर ते अडणारच. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावा. ग्राइंडिंगनंतर जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई जास्त राहिली, तर ती बेअरिंगच्या कडेला घासते. कडेवरील चकचकीत रेघ ते सांगते.

थ्रस्ट वॉशरकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते. त्याच्या खाचा क्रँकशाफ्टच्या बाजूस असाव्यात. स्क्रू-ड्रायव्हरने क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकवून फिलर गेजने किंवा डायल गेजने चाल मोजावी. चाल शून्य असेल तर वॉशर जाड आहे किंवा चुकीचा बसला आहे. मागचे नवे ऑइल सीलही काहीसा जडपणा आणते. म्हणून सील बसविण्यापूर्वीच फिरवून पाहणे श्रेयस्कर.

प्रत्येक कॅप एकटी आवळल्यास मोकळी, परंतु सर्व मिळून आवळताच अडथळा, असे आढळले तर प्रश्न सरळपणाचा आहे. क्रँकशाफ्टचे दोन्ही टोकांचे जर्नल व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावावा. काटा मर्यादेबाहेर हलला तर क्रँकशाफ्ट वाकलेला आहे. तो सरळ असेल तर ब्लॉकची भोके एका रेषेत आहेत काय, याची तपासणी मशीन शॉपमधून करून घ्यावी.

कॅप कानशीने घासून किंवा तिच्याखाली कागद घालून क्रँकशाफ्ट मोकळा करणे, हा उपाय नव्हे. त्याने भोकाचा गोलपणा जातो आणि दोष फक्त झाकला जातो.

दोष सापडल्यावर सर्व भाग पुन्हा धुवावेत, जर्नलवर स्वच्छ तेल लावावे, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने तीन टप्प्यांत आवळावेत आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्रँकशाफ्ट फिरवावा. तो एका गतीने, कोठेही न अडखळता फिरला की मगच पिस्टन हाती घ्यावेत. मायक्रोमीटर वाचण्याची ही सवय शाळेच्या गणितातील दशांश अपूर्णांकांवरच उभी आहे, हे आपल्या मुलामुलींना अवश्य सांगावे.