आधी पिशवी, मग पळी

पोराला स्वयंपाक शिकवायचा असेल, तर त्याला आधी गॅसपाशी उभं करू नका, बाजारात न्या. शंभराची नोट हातात द्या, घरात आज जेवणारी माणसं किती ते मोजायला लावा, आणि रात्रीचं जेवण एवढ्यात बसवायचं आहे एवढंच सांगा. ज्वारी-तांदूळ घरचं, बाकी सगळं या पैशात. मग दोन पावलं मागं राहा आणि तोंड बंद ठेवा. पोर पहिल्यांदा पनीरकडं बघेल, मग भाव ऐकून वांग्याकडं वळेल. तिथंच अर्धा स्वयंपाक शिकून होतो.

विट्यात हे शिकवणं हौसेचं काम नाही. इथं यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. बाप मागावर आणि आई कांड्या भरायला, अशी कितीतरी घरं. शाळा सुटून पाचला घरी आलेलं पोर आठपर्यंत उपाशी राहतं, नाहीतर दुकानातून दहा रुपयांची वेफर्सची पुडी आणतं. त्या पुडीवर आत किती ग्रॅम माल आहे ते छापलेलं असतं. शंभर ग्रॅमला किती पडले, ते पोरालाच काढायला लावा. मग शेंगदाण्याचा भाव विचारा आणि तोही हिशेब शेजारी मांडू द्या. पुडी वाईट आहे असं आपण सांगायची गरज पडत नाही.

दुसरं कारण गलाईचं. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. टेंभू योजनेचं पाणी फार उशिरा आलं. मीही मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेलो. दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही गावाकडची पोरं राहायचो आणि पाळीपाळीनं रांधायचो. ज्याला भात-आमटी येत होती त्याचे पैसे गावी जात. ज्याला येत नव्हती त्याचे हॉटेलात जात. म्हणून मी मुलग्यांना आधी शिकवतो. आजही इथली पोरं शिकायला पुण्याला, कामाला केरळ-पंजाबात जातात, आणि मेसचं बिल बापाला किती जड जातं हे विट्यात कुणाला सांगायला नको.

आता माप. नव्या माणसाचं निम्मं अन्न वाया जातं ते अंदाज नसल्यामुळं. ‘थोडं घे’, ‘हाताला कळतं’ असं पोराला सांगू नका. त्याच्या हाताला अजून काही कळत नाही. शाळेतल्या पोषण आहाराचं सरकारी माप चांगलं आहे, तेच धरा. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. मोठ्या माणसाला हेच दुसरं माप, आणि अंगमेहनतीचं काम असेल तर वर एक भाकरी. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर घरातली वाटी तांदळानं, डाळीनं, बेसनानं भरून तोलून आणा आणि वजन भिंतीवर लिहून ठेवा. पुढं काट्याची गरज लागत नाही.

शिकवण्याचा क्रम मी असा ठेवतो. पहिली-दुसरीची पोरं तांदूळ निवडतील, लसूण सोलतील, मटार फोडतील. तिसरी-चौथीला विळी नको, छोटी सुरी द्यावी आणि काकडी-टोमॅटो कापू द्यावेत. पाचवीपासून आगीजवळ, तेही मोठं माणूस शेजारी असताना. कुकर सातवीच्या आधी नको. भाकरी सगळ्यांत शेवटी.

पहिला पदार्थ पिठलं. भात नव्हे, चहा तर नव्हेच. पिठलं वीस मिनिटांत होतं, पाच माणसं जेवतात, आणि बिघडलं तरी खाता येतं. चण्याची डाळ चक्कीवर दळून आणलेली असेल तर पाकिटाच्या बेसनापेक्षा स्वस्त पडते आणि आत काय आहे याची खात्री राहते. एक वाटी पिठाला साडेतीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी बोटानं मोडायची. तेलात मोहरी तडतडली की जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की आच बारीक करून कालवलेलं पीठ ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. घट्ट होऊ लागलं की झाकण घालून पाच-सात मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला म्हणजे झालं. हा वास पोराला दोनदा घ्यायला लावा, सुरुवातीला आणि शेवटी. घड्याळ त्याला हे शिकवू शकत नाही.

दुसरी मटकी. हिच्यात पोराला एक दिवस आधी विचार करायची सवय लागते, आणि हिशेबाचं सगळं रहस्य त्यातच आहे. ज्याला उद्याचं आज सुचतं त्याला महाग वस्तू घ्यावी लागत नाही. सकाळी शाळेला जाताना मटकी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड. पाव किलोची मटकी मोड येईस्तोवर दुपटीहून जास्त होते. निम्मी उसळीला, निम्मी परवाच्या भातात. हुलगा, घेवडा, चवळी यांचंही असंच. कडधान्य भिजलेलं असलं की लवकर शिजतं आणि गॅस वाचतो. भांड्यावर झाकण ठेवलं की आणखी वाचतो. 14.2 किलोचं सिलिंडर आपल्या घरी किती दिवस जातं, ते लावल्याची तारीख लिहून पोरालाच मोजू द्या.

मग वरण-भात, मग शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. शेवग्याचा पाला परसात फुकट असतो, आणि आपण तो शेळीला घालतो. पावसाळ्यात तांदुळजा बांधावर उगवतो. तो ओळखणाऱ्या आज्या गावात आहेत तोवर पोरांना त्यांच्याबरोबर एकदा रानात पाठवा. ओळख पटल्याशिवाय कुठलाही पाला तोडायचा नाही, ही ताकीद मात्र आधी.

भाकरीबद्दल घाई करू नका. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत लागतं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते; त्याची भाकरी मोडते आणि पोर समजतं की आपल्यालाच जमत नाही. शिकवताना पीठ ताजं दळून आणा आणि लहान, जाड भाकरी थापू द्या. वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची. गोल झाली नाही तरी चालेल, आतून भाजली पाहिजे.

आगीचे नियम मात्र पाठ म्हणवून घ्या, यात माया नको. ओढणी, सैल बाही, नायलॉनचे कपडे गॅसपाशी नाहीत. तव्या-कढईचा दांडा आतल्या बाजूला. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, डाळ असेल तर निम्माच; शिट्टीचं भोक उजेडाकडं धरून बघायचं आणि वाफ आपोआप जाईपर्यंत झाकणाला हात नाही. तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच ओतायचं नाही. गॅस बंद करता आला तर करायचा आणि वर झाकण टाकायचं. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन 1906 ला फोन. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही लावायचं नाही. फोड मोठा असला, तर दवाखाना.

शिळ्याचं सांगतो. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा आम्ही गाळून बघायचो, त्यातही सोन्याचा कण निघायचा. अन्नाकडं पोरानं तसं बघावं. रात्रीच्या भाकरीचा सकाळी फोडणी देऊन कुस्करा, उरलेल्या वरणात पीठ मळून थालीपीठ. पण आपल्याकडचा उन्हाळा कडक आहे. शिजलेला भात दोन तासांच्या वर उघड्यावर नको. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात बेतानंच शिजवायचा. उरलेलं गरम करताना नीट वाफ येईपर्यंत तापवायचं आणि एकदाच. वास बदललेलं, तार सुटलेलं अन्न वाचवणं ही काटकसर नव्हे.

हे सगळं शाळेबाहेरचं आहे असं कुणी म्हणेल, तर आपल्याच मुलखात बघावं. ऐतवड्याच्या घराण्यातले कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. स्वावलंबन हेच तिथलं ब्रीद होतं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या शालेय अभ्यासक्रमात शेती, यंत्रं, वीज यांच्या जोडीला गृह आणि आरोग्य हाही विभाग आहे. मुलं पदार्थ करतात आणि त्याचा खर्चही काढतात. खर्च काढणं हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या शाळांतल्या बाल आनंद मेळाव्यात मुलं भेळ, वडे विकतात आणि गल्ला मोजून खूश होतात. तेल, गॅस, बेसन आईनं घरून दिलेलं असतं, ते कुणी वजा करत नाही. गुरुजींनी एवढं एक वजा करायला लावलं, तर तो मेळावा खरा होईल.

म्हणून घरी एक वही ठेवा. तारीख, माणसं किती, काय आणलं, भाव काय, काय उरलं. रेशनचं धान्य फुकट मिळतं म्हणून ते वहीतून गाळू नका. माणशी 5 किलो मिळालं तर ते महिन्याचे किती दिवस पुरलं, हे पोराला कळू द्या. चार आठवड्यांची वही समोर आली की घरात पैसा कुठं जातो यावर बापाशी बोलायला पोराकडं शब्द येतात. मागाची पाळी बंद पडली, पगार उशिरा झाला, तर त्या घरातलं पोर हट्ट करत नाही, कारण त्याला आकडे ठाऊक असतात.

एक विनंती आई-बापांना. पोरगा आहे म्हणून त्याला सोडू नका, आणि पोरगी आहे म्हणून रोजची चूल तिच्या गळ्यात घालू नका. आठवड्यातून दोन वेळचं जेवण बहीण-भावानं मिळून करावं, भांडीही दोघांनी घासावीत, आणि बाकीचे दिवस त्यांना अभ्यासाला आणि खेळायला मोकळे सोडा.