मंडईच्या पाहुण्यांसाठी हमखास जादू

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या गावी (ता. तिरोडा, जि. गोंदिया) मंडई भरते. पाहुण्यांनी अगदी जवळून पाहिली तरी फसणार नाही, अशी जादू सांगा.

उत्तर : रबरबँडची करा. बँड तर्जनी आणि मधल्या बोटात घाला. तळहाताच्या बाजूने ताणा आणि मूठ वळताना चारही बोटांची टोके त्यात अडकवा. पाहुण्यांना मुठीची पाठच दिसू द्या. मूठ उघडताच बँड अनामिका-करंगळीवर उडी मारतो. काम रबराचा ताण करतो, म्हणून ही जादू सहसा चुकत नाही. बँड मात्र सैल नको. कितीही आग्रह झाला तरी त्याच बैठकीत पुन्हा दाखवू नका. अंगात शक्ती असल्याचा दावा तर मुळीच नको. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरच्या मुलांना ही युक्ती जरूर शिकवा.