मुकुट नसलेला गरुड

कोल्हापूर

चि. रेवा,


पोलंडच्या जुन्या राजांची चांदीची नाणी जमवावीत असं तुझ्या मनात आलंय आणि क्राकूवमधल्या एका विक्रेत्याकडचा लाकडी पेटीतला आख्खा संच एकदम घेऊन टाकावा का, असं तू विचारतेस. संच घेऊ नकोस. एक नाणं घे, महिनाभर ते जवळ ठेव, त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाच आणि मगच दुसरं घे. पेटी भरली की शोध थांबतो, आणि या छंदात शोधाइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

राजाच्या स्मरणार्थ पाडलेल्या नाण्यात दोन काळ असतात. एक राजाचा आणि दुसरा टांकसाळीचा. लोक पहिला पाहतात. तू दुसराही पाहायला शीक. हजार वर्षांपूर्वीचा राजा एखाद्या सरकारला नेमका त्याच वर्षी का आठवला, हा प्रश्न प्रत्येक नाण्याला विचार.

सुरुवात १९६६ च्या शंभर झ्वॉटींच्या नाण्याने कर. वजन २० ग्रॅम, व्यास ३५ मिलिमीटर, चांदी हजारात ९००. त्यावर राज्यकर्ता म्येश्को आणि त्याची पत्नी दोम्ब्रुव्का आहेत. ही बोहेमियाची ख्रिस्ती राजकन्या. ९६५ मध्ये तिचं म्येश्कोशी लग्न झालं, पुढच्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पोलंडचा इतिहास तिथपासून मोजायची रीत पडली. म्हणजे १९६६ हे हजारावं वर्ष. पण हजार वर्षं कशाची? चर्चचं म्हणणं होतं बाप्तिस्म्याची. कम्युनिस्ट सरकारचं म्हणणं होतं राज्यसंस्थेची. दोघांनी वेगवेगळे सोहळे केले. पोप सहावे पॉल यांना सरकारने देशात येऊ दिलं नाही, तेव्हा चेंस्तोहोवाच्या सोहळ्यात त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. सरकारने आपल्या बाजूने हजार वर्षांसाठी हजार शाळा बांधायची घोषणा केली होती. हे नाणं सरकारचं, तरीही त्यावर दोम्ब्रुव्का आहेच. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. दोम्ब्रुव्का नसती तर म्येश्कोची कथाच सांगता आली नसती, हे बाप्तिस्म्याचं नाव टाळणाऱ्या सरकारलाही मान्य करावं लागलं.

आता नाणं उलट आणि गरुड बघ. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या राजवटीने तो काढून टाकला होता. एका बाजूला म्येश्को-दोम्ब्रुव्का, दुसऱ्या बाजूला बोडका गरुड! आपल्या कोल्हापूरकरांना तर ही खूण जास्तच कळायला हवी. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. ती माणसं ज्या देशातून बाहेर पडली, त्याच्या गरुडाला मुकुट होता. छावणी उठली तेव्हा त्यांच्या देशाच्या गरुडाचा मुकुट गेला होता. पुस्तकात ही गोष्ट चार पानं घेईल, तुला ती तळहातावर दिसेल.

याच खुणेसाठी राजांची मोठी मालिका बघ. पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने ती १९७९ मध्ये म्येश्कोपासून सुरू केली आणि २००५ मध्ये शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त याच्यापर्यंत नेली. मधल्या काळात आख्खी राजवट बदलली, पण राजे ओळीने येत राहिले. १९८९ चा यागिएवो घे आणि १९९२ चा वार्नेंचिक घे. हे बाप-लेक. बापाच्या पाठीमागचा गरुड बोडका आहे आणि देशाच्या नावात ‘लोक-प्रजासत्ताक’ आहे. लेकाच्या पाठीमागे मुकुट परत आलेला आहे आणि नावही बदललं आहे. आता दर्शनी किंमत वाच. म्येश्को २०० झ्वॉटींचा होता, यागिएवो ५,००० चा झाला आणि वार्नेंचिक २,००,००० चा. १९९५ मध्ये दहा हजार जुन्या झ्वॉटींचा एक नवा झ्वॉटी झाला, तेव्हा पुढचे राजे १० झ्वॉटींवर आले. महागाईने त्या देशाचं काय केलं ते या तीन-चार आकड्यांत वाचता येतं. दुकानातला माणूस हे सांगणार नाही, तो फक्त ‘चकचकीत आहे’ एवढंच सांगेल.

चेहऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नकोस. म्येश्को कसा दिसायचा ते कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या काळातलं त्याचं एकही चित्र नाही. पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढे हे राजे ज्या रूपात उभे राहतात, ते रूप मुख्यतः यान मातेय्को या चित्रकाराचं, आणि त्याने ती रेखाटनं १८९० पासून केली. तुझ्या पाकिटातली २० झ्वॉटींची नोट काढ. पुढे बोलेस्वाव ख्रोब्री आहे, मागे त्याच्या काळातला चांदीचा डेनार. या राजाच्या सगळ्यांत गाजलेल्या डेनारवर तर एक पक्षी आहे आणि भोवती लॅटिन अक्षरं. आपली शिवराई आठव. तिच्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढीच अक्षरं आहेत, चेहरा नाही. तरी आपल्याकडे सराफाच्या दुकानात महाराजांचा चेहरा असलेले चांदीचे तुकडे ‘नाणं’ म्हणून विकतात. ती पदकं. आजच्या काळात ज्यावर देशाचं नाव आणि दर्शनी किंमत नाही ते सहसा नाणं नव्हे, मग तिथे असो की इथे. पदक घ्यायला हरकत नाही, पण पदकाच्या भावाने घे.

फसगत चांदीतही होते. तुझ्या क्राकूवच्या विद्यापीठाच्या सहाशे वर्षांसाठी १९६४ मध्ये पाडलेलं काझिमिएश राजाचं दहा झ्वॉटींचं नाणं देखणं आहे, पण ते तांबं-निकेलचं. १९३२ च्या दहा झ्वॉटींवर एका स्त्रीचं मस्तक आहे, चांदी खरी आहे, आणि कितीतरी विक्रेते ती राणी याद्विगा म्हणून सांगतात. ती याद्विगा नाही, पोलंड देशाचं ते स्त्रीरूप आहे. खऱ्या याद्विगासाठी वावेलच्या चर्चमध्ये जा. तिने आपले दागिने विद्यापीठासाठी दिले, आणि तिच्या थडग्यातून निघालेला राजदंड लाकडी, सोन्याच्या मुलाम्याचा होता. तो बघितल्याशिवाय तिच्या नावाचं कुठलंच नाणं घेऊ नकोस, हा माझा हट्ट समज.

नाणं घेताना एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा जवळ ठेव. आधी कोरडं वजन कर. मग दोऱ्याच्या फासात अडकवून, भांड्यातल्या शुद्ध पाण्यात तळाला न टेकू देता बुडव. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवलेलं असलं की आकडा जेवढा वाढेल, तेवढं पाणी नाण्याने सारलं. १९६६ चं खरं नाणं दोन ग्रॅमला किंचित कमी दाखवेल. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेल सव्वादोनच्या आसपास जाईल. नंतर मऊ कपड्यावर ठेवून टिपून घे, घासू नकोस. घासणं, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीही नको. काळपट-निळसर झाक वर्षांनी येते आणि ती पुसली की परत आणता येत नाही. नाणं कडेने धर. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नकोस, काही वर्षांत त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. कडक कॅप्सूल घे.

खर्चाचं म्हणशील तर आत चांदी किती आहे ते आधी काढ. १९६६ च्या नाण्यात १८ ग्रॅम, १९७९ च्या म्येश्कोत १७.६ ग्रॅमांपैकी १३.२. वरची रक्कम दुर्मीळपणाची असते, आणि ती योग्य आहे का हे ठरवायला तीन-चार दुकानं फिरावी लागतात. शिष्यवृत्तीच्या पैशातून एकही नाणं घेऊ नकोस. सुट्टीतल्या कामाचे पैसे चालतील.

चाप्स्की संग्रहालय तुझ्या गावातच आहे. एमेरिक हुतेन-चाप्स्कीने आयुष्यभर पोलिश नाणी जमवली आणि १९०३ मध्ये घरच्यांनी तो संग्रह शहराला देऊन टाकला. तिथे एक आख्खा दिवस काढ, जुने डेनार आधी बघ, मग दुकानात जा.

१९६६ चं नाणं मिळालं की घेण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठव. वजनाचे दोन्ही आकडेही लिही. तुझी आई बरी आहे, दर रविवारी तुझ्या फोनची वाट बघते.

तुझा,
मामा